दुपारी एक ते चार

लेकरू शिकवायचं तर आईनं लातुरात खोली करून राहायचं आणि बापानं गावाकडं हातानं भाकरी थापायच्या, ही आता आपल्याकडची रीतच होऊन बसलीय. तुळजाबाईनंही तेच केलं. नवरा ग्यानोबा धर्माबादला मिरचीच्या अडतीवर हमाल. त्याला तिथंच ठेवून बाई जूनमध्ये लातूरला आली. सोबत स्टोव्ह, पिठाचा डबा आणि लेक तनुजा. पोरगी हुशार, दहावीला ब्याण्णव टक्के. आता दोन वर्षं क्लास लावायचा आणि डॉक्टर व्हायचं.

खोली झकास मिळाली. मालकीण प्रेमलाबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकच अट घातली.

"दुपारी एक ते चार आवाज नको. मुलं क्लासवरून येऊन वाचत बसतात. टीव्ही नाही, मिक्सर नाही, बोलणंसुद्धा हळू. साऱ्या गल्लीचा नियम आहे."

"हाव बाई," तुळजाबाई म्हणाली, पण हे तिला जमायचं कठीण होतं.

कारण ही बाई आवाजाशिवाय कधी राहिलीच नव्हती. धर्माबादेत तिच्या घरी पहाटेपासून रेडिओ सुरू. रेडिओ बिघडला तर ती भांड्यांशी बोलायची, कोंबड्यांशी भांडायची, काहीच नसलं तर नुसती गुणगुणायची. शेजारणी हसायच्या, "हिच्या तोंडाला कुलूपच न्हाई बघा!" हसू दे बापड्या. त्यांना काय ठावं!

पहिल्या दिवशी एक वाजला. समोरच्या होस्टेलच्या खिडक्या मिटल्या. गल्लीत शिरणारा रिक्षावालाही हॉर्न न वाजवता गेला. त्यात लाइट गेली आणि पंखा थांबला. एवढं भरलेलं शहर, पण भर उन्हात स्मशानासारखं गप्प. तुळजाबाई शेंगा फोडत बसली होती. तनुजानं पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "आई, हळू ना गं." शेंगाही थांबल्या.

आणि मग ते आलं. टक टक... थोडं थांबून, टक.

पाठीमागच्या भिंतीतून. दगडावर दगड मारल्यासारखं. तुळजाबाईनं वळून भिंतीकडं बघितलं. हा आवाज पंधरा वर्षांपूर्वी तिनं तीन दिवस ऐकला होता.

ते सांगायलाच पाहिजे. भूकंपाच्या रात्री किल्लारीच्या बाजूला तिच्या सासरच्या खेड्यात गणपती विसर्जन करून सगळे थकून झोपले होते. दात येऊ लागलेली दहा महिन्यांची पोर रडून जीव खात होती. तिची आई महादेवी, तुळजाबाईची थोरली जाऊ, स्वभावानं निव्वळ गाय. "तुळजे, घे गं हिला बाहेर, तुझ्यापाशीच गप्प राहती ही." तुळजाबाईच्या लग्नाला अकरा वर्षं झालेली आणि कूस रिकामी. ती त्या पोरीला छातीशी धरून अंगणात बाजेवर निजली. पहाटे जमीन हलली, आणि दगडमातीच्या भिंती, वरचं माळवद, सगळं घर खाली बसलं. दीर वैजनाथ जागीच गेला. महादेवी गेली नव्हती.

टक टक... टक.

ऐकलं तशी तुळजाबाई धावली. दोन दगड बाजूला केले तिनं, ते खोटं न्हाई. तिसऱ्याला हात घातला आणि कडेवरची पोर तिच्या गळ्याला बिलगली. बस, तेवढंच. आजवर रोज सांजच्याला महादेवी पोरीसाठी हात पुढं करायची, "दे गं आता," आणि तुळजाबाई मुकाट द्यायची. तिसरा दगड तिनं तसाच सोडला.

दुपारी लष्कराचे जवान आले. त्यांची एक पद्धत होती. ढिगाऱ्यापाशी हात वर करून साऱ्यांना गप्प करायचं, श्वास रोखायचा आणि कान लावायचा. साहेबानं हात वर केला. आणि तुळजाबाईनं गळा काढला.

"अगं महादेवीबाई... कशी गेलीस गं मला टाकून..."

जवानानं ओठांवर बोट ठेवलं. ती आणखी मोठ्यानं रडली. गावातला शेषेराव मध्ये पडला, "रडू द्या साहेब, घर बुडालंय तिचं." खरंच, रडत्या बाईला आपल्यात गप्प कोण करतं? जवान पुढच्या घराकडं गेले. तीन दिवस ती तिथून हलली नाही. कुणी जवळ आलं की गळा काढायची. बाया म्हणायच्या, जाऊ असावी तर अशी. तिसऱ्या सांजेला आतला आवाज थांबला. तेव्हा तीही थांबली, आणि पोरीला दुधात भाकर कुस्करून चारली.

ती पोर म्हणजे तनुजा. ग्यानोबा तेव्हा धर्माबादला हमालीला होता; चौथ्या दिवशी गावी पोचला, दोघींना तिकडं घेऊन गेला आणि पोर त्यांचीच झाली. तिला कुणी काही सांगितलं नाही. रडण्याचं तर ग्यानोबालाही ठाऊक नव्हतं.

"तनू, कोण ठोकून राहिलंय गं?" तुळजाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाई. वाचू दे."

प्रेमलाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या मागं मोकळा प्लॉट आहे. दुसऱ्या दिवशी एक वाजता पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग बाई रोज जेवणं उरकून एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागली. तिथं गाड्या, कंडक्टर, चहावाले, सगळे ओरडायचे. तिला बरं वाटायचं. पोरीला कळू नये, बाकी काही होवो, एवढंच ती देवापाशी मागायची.

पंधरा दिवसांनी तिला ताप भरला आणि ती तीनलाच परतली. तनुजाचं पुस्तक मिटलेलं होतं. पोरगी भिंतीला कान लावून बसली होती.

"काय... काय करून राहिलीस?"

"ऐकून राहिले."

टक टक... टक. तनुजानं बोटाच्या पेरानं उत्तर दिलं. टक.

तुळजाबाईला सुचलं ते तेवढंच. तिनं गळा काढला. "अगं माझे बाई..." असा हंबरडा, की समोरच्या होस्टेलच्या खिडक्या उघडल्या. तनुजा चिडली नाही, उठली नाही. नुसती वाट बघत राहिली. माणूस किती वेळ रडेल? कधीतरी श्वास घ्यावाच लागतो. तुळजाबाईनं तो घेतला, आणि त्या तेवढ्या फटीत भिंतीतून काहीतरी बोललं गेलं. काय, ते तिला कळलं नाही. तनुजाला कळलं. तिनं मान डोलावली.

मग ती वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. परक्या घरी आलेल्या बाईशी बोलावं तसं ती हळू म्हणाली, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसा. आईचं सांगायचं राहिलंय काहीतरी."

तुळजाबाई बाहेर पायरीवर येऊन बसली. मागं दार लागलं. आतून तनुजाचा एकटीचाच आवाज येत होता, मध्ये मध्ये थांबत.

"हाव... हाव... मग?... दोन दगड उचलले व्हते?... मग?"