वरच्या खोलीतले दोन ठोके

‘भाडेकरूच्या मृत्यूसमयी घरातील उष्णतायंत्रणा पूर्णतः कार्यरत होती.’

घरे भाड्याने देणाऱ्या संस्थेचे हे अधिकृत निवेदन. यातला एकही शब्द खोटा नाही, आणि नेमके तेच वाचवत नाही. पाणी तापवणारा बॉयलर पेटत होता. पंप फिरत होता. स्वयंपाकघर उबदार होते. म्हातारी विनिफ्रेड ओल्डरॉइड मात्र वरच्या खोलीत गारठून मेली. ती खोली बहुधा ‘यंत्रणे’च्या व्याख्येत बसत नसावी.

पुढचे घडले ते खरे आहे. यॉर्कशरमधल्या ब्रॅकनशॉ वसाहतीत, फेब्रुवारीतल्या एका करड्या दुपारी, हेझलने ते स्वतःच्या कानांनी ऐकले. ज्यांनी संस्थेच्या निवेदनावर विश्वास ठेवला, त्यांना यावर ठेवणे जड जाऊ नये.

हेझल तुंबलेल्या नळ्या मोकळ्या करणारी. या घरांत रेडिएटरकडे, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीकडे, जाणाऱ्या नळ्या करंगळीहून बारीक. गंजाचा काळा चिखल साचला की वाट बंद, आणि खोली गार. विनिफ्रेडचे घर आता रिकामे होते. दुसऱ्या दिवशी तिथे एक जोडपे तान्ह्या बाळासह राहायला येणार होते. पाळणा आधीच येऊन पडला होता...

वरच्याच खोलीत.

“ती खोली तापली नाही तर मी तपासणीच्या कागदावर सही करणार नाही,” हेझलने बजावले.

“राणीसाहेब, आधी पंप तरी लावा,” डेस्मंड म्हणाला. तो तिचा वरिष्ठ. हिवाळ्याच्या तोंडाशी हेच घर त्याने तपासले होते. “मी जातो वर. माझे गुडघे अजून शाबूत आहेत.”

कामाची रीत जुनीच. खालचा माणूस पाण्याचा सगळा जोर एकाच नळीत सोडतो. वरचा रेडिएटरला हात लावून बसतो. तापला, तर नळीवर एक ठोका. गारच असला, तर दोन.

हेझलने झडप उघडली. पाणी हलेना.

ठक्... ठक्.

तिने जोर वाढवला. थांबली.

ठक्... ठक्.

“कळलं रे बाबा,” ती वर पाहून म्हणाली. “ठोकून का तापणार आहे ते?”

“कोणाशी बोलतेस?”

डेस्मंड मागे, बाहेरच्या दारात उभा होता. हातात रबरी हातोडी.

“ही गाडीतच राहिली होती,” तो म्हणाला. “वर गेलोच नाही अजून.”

भीती वाटली नाही, असे हेझल आजही सांगते. काहीच वाटले नाही. बोटे बधिर झाली होती, एवढेच.

ती एकटीच वर गेली.

खोलीत पाळणा. गारठलेला रेडिएटर. आणि...

कोणीही नाही.

तिने जमिनीची फळी उचकटली. खालची नळी मध्येच कापलेली होती. दोन्ही तोंडांना टोप्या बसवलेल्या. मध्ये वीतभर पोकळी. या वाटेने पाणी जाणे शक्य नव्हते. आवाजही जायला नको होता.

ती गुडघ्यांवरच होती, तेव्हा त्या कापलेल्या टोकातून पुन्हा...

ठक्. ठक्.

डेस्मंड जिन्यात थबकला होता.

“तुलाही येतो ऐकू?” त्याने हळूच विचारले.

“हो.”

“मला वाटलं, मलाच येतो.”

“कधीपासून, डेस्मंड?”

तो पायरीवर बसला.

हेझलने त्याच दिवशी नवी नळी टाकली. खोली तापली. बाळ तिथे निजते. ठोके थांबले का, हे विचारले की हेझल विषय बदलते. आणि दुसऱ्या कुणाच्या घरी गेली, की बोलता बोलता तिचा तळवा भिंतीवरच्या रेडिएटरकडे जातो. संस्थेने आपले निवेदन मागे घेतलेले नाही. त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही आढळले नाही म्हणे. म्हणून डेस्मंड जिन्यात बसून जे बोलला, ते इथे शब्दशः देतो:

“नळी मोकळी होईना. तिच्यापायी बाकीचं घर गार पडायला नको, म्हणून मी ती कापली. म्हातारी वर रेडिएटरपाशी बसली होती. मीच बसवलं होतं, ठोके द्यायला. दोन आले. परत दोन. नळी कापल्यावरही दोन. मी कागदावर ‘कार्यरत’ लिहिलं, गाडीत बसलो आणि रेडिओ मोठा केला.”