टाकीतली पंगत

मानवजातीच्या वाटचालीत असा एखादाच क्षण येतो, की विज्ञान आणि निसर्ग हातात हात घालून उभे राहतात. निर्झर वसाहतीत तो क्षण २०६१ सालच्या एका मंगळवारी सकाळी आला आणि त्याला फिनेलचा वास येत होता.

वसाहतीच्या सांडपाणी केंद्रात वल्लरी आणि तिचे आजोबा टाकीत वाकून बघत होते. आजोबा निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. केंद्र त्यांनीच उभारलेलं. भिकाजी या यंत्रमानवाने पाण्यात नळी बुडवली.

"विरघळलेला प्राणवायू (पाण्यात मिसळलेला, मासे श्वासात घेतात तो) नेहमीच्या तिप्पट," तो म्हणाला. "पाणी मात्र गढूळ. अभिनंदन करावं की नाही, कळत नाही."

"प्राणवायू वाढला तर पाणी चांगलं व्हायला हवं ना?" वल्लरीने विचारलं.

"आम्रवनात नाही असं होत!" आजोबा करवादले. ओढ्यापलीकडच्या आम्रवन वसाहतीचं केंद्र घोडकेबाई चालवत. त्यांचं पाणी इतकं नितळ, की तिथे रोज खंड्या येऊन बसे. आजोबा त्याला 'विकला गेलेला पक्षी' म्हणत.

"आजोबा, या टाकीत नेमकं होतं काय?"

"जेवणावळ. घराघरातलं पाणी आधी जाळीतून येतं. केस, चिंध्या अडकतात. मग इथे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) उरलेली घाण खातात. खाताना त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून खालून हवा सोडायची. मग त्यांचे पुंजके होऊन पुढच्या टाकीत तळाला बसतात. तो गाळ. वरचं नितळ पाणी ओढ्यात."

"आणि केंद्रच नसतं तर?"

"तर हीच पंगत ओढ्यात बसली असती. तिथे हवा कोण सोडणार? जिवाणू ओढ्यातलाच प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात."

वल्लरीने टाकीतल्या गढूळ पाण्याकडे पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे प्राणवायू वाढला नाही, आजोबा. उरलाय. जेवणारेच नाहीत!"

आजोबांनी कपाळाला हात लावला. उद्या स्वच्छ वसाहत स्पर्धेचे परीक्षक येणार होते. 'वसाहत लख्ख करा, आम्रवनाला दाखवून देऊ!' असं काल भोंग्यावरून त्यांनीच ओरडून सांगितलं होतं. लोकांनी घरटी बाटलीभर फिनेल मोरीत ओतलं. फिनेल जंतू मारतं. कामाचे कोण, ते विचारत नाही.

"विषारी पाणी मी साठवण टाकीत वळवलंय," भिकाजी म्हणाला. "ती संध्याकाळी भरेल. मग सगळं ओढ्यात. तिथे मरळ माशांची पिल्लं आहेत."

"आई दह्याचं विरजण संपलं की शेजारून आणते," वल्लरी म्हणाली. "आपण आम्रवनातून जिवाणू आणू."

"त्या बाईंकडे? त्यापेक्षा मी स्वतः..."

"घाण खाणार?" भिकाजीने विचारलं. "तुमची क्षमता कमी पडेल."

शेवटी वल्लरीनेच फोन लावला. घोडकेबाई गाळाचा टँकर घेऊन हजर. "विरजणाला का कुणी नाही म्हणतं, अहो?"

टाकीत गाळ पडताना आजोबा जळून बघत राहिले. "काय रंग आहे! भाजलेल्या बेसनासारखा."

दुपार कलली तसा भिकाजी म्हणाला, "प्राणवायू उतरतोय."

"जेवायला बसले!" वल्लरीने टाळ्या वाजवल्या. ताजं सांडपाणी पुन्हा टाकीत येऊ लागलं. फिनेलचं पाणी भिकाजी त्यात जिवाणूंना सोसेल इतकंच, थोडं थोडं मिसळणार होता. ओढा वाचला.

"मोठी झाले की मी कारखान्यांचं रंगीत पाणी खाणारे जिवाणू वाढवणार," वल्लरी म्हणाली.

"वाढव. पण आपले वाढव," आजोबा घोडकेबाईंच्या परतणाऱ्या टँकरकडे बघत म्हणाले. "आता उद्या बक्षीस मिळालं तरी जिवाणू त्यांचे, म्हणजे श्रेय त्यांचंच."

"तसं नाही," भिकाजी म्हणाला. "त्यांचं केंद्र सुरू झालं, तेव्हा त्यांनी गाळ आपल्याच टाकीतून नेला होता. तुम्ही दुपारचे झोपला होतात."