चाळीस पावलं ढकलत

कार्ट बंद पडली ती नेमकी कोंबूच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, दुकानासमोर. एवढ्या मोठ्या ओसाका शहरात बंद पडायला दुसरी जागा नव्हती का? पण नाही! नशिबात असलं की कार्टलासुद्धा अक्कल सुचते.

काझुहा पुढच्या बुटक्या, उघड्या कार्टमधून टुणकन उतरली. अंगात अस्वलाचा पोशाख, कान आणि शेपटीसकट. तिच्या मागे सहा कार्ट, त्यांत प्राण्यांच्या वेषात शहर बघायला निघालेले सहा पाहुणे, आणि सगळ्यांत शेवटी वरातीच्या शेपटाची राखण करणारी तिची मैत्रीण मिनोरी. बंद पडलेल्या कार्टमध्ये ऑस्ट्रेलियाचे एक भारदस्त गृहस्थ बेडकाच्या वेषात बसले होते आणि चावी फिरवून फिरवून घामाघूम झाले होते.

दुकानाचं सरकतं दार खर्रकन उघडलं. आतून एक तरुण बाहेर आला. हातात फूटभर लांब सुरी!

"अहो… अहो, सुरी!" काझुहा दोन पावलं मागे सरली.

त्यानं हाताकडे पाहिलं, गडबडला, सुरी पाठीमागे लपवली. "माफ करा. कामातून तसाच उठलो. ही वरात तुमचीच ना?"

"माझीच. पाच मिनिटांत निघतो."

"रोज अकरा, एक आणि तीन वाजता निघता तुम्ही."

"अरे वा! वेळापत्रक तोंडपाठ आहे की!"

"तोंडाला नाही, हाताला पाठ आहे," तो म्हणाला. "या, दाखवतो."

आत व्हिनेगरचा आणि समुद्राचा वास एकमेकांत मिसळला होता. तो जमिनीवर बसला. समुद्रातल्या कोंबूचा काळपट पट्टा घेतला, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं डाव्या हातात ताणून धरलं आणि सुरी अलगद ओढली. जे निघालं ते इतकं पातळ, की पलीकडे दारातून डोकावणारा बेडूक साफ दिसत होता. काझुहाचा श्वास रोखला गेला… आपल्या श्वासानं ते फाटेल असं तिला वाटलं.

"आणि मग तुम्ही येता," तो म्हणाला. "घर्रर्र. जमीन थरथरते. हात सरकतो. ही टोपली अकराची. ही एकची."

दोन्ही टोपल्या चिंध्यांनी भरल्या होत्या. काझुहाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जीभ गप्प बसेल तर ती ओसाकाची मुलगी कसली!

"या फाटक्याचं करता काय?"

"मीच खातो."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे गेली तीन वर्षं तुम्हाला मीच जेवू घालतेय म्हणायचं!"

तो हसला नाही. हसू दाबायचा प्रयत्न मात्र इतका केला की दोन्ही कान लालबुंद झाले. काझुहानं ते कान पाहिले, आणि का कोण जाणे, कार्ट सुरू झाल्यावरही तिला लगेच निघावंसं वाटेना.

त्याचं नाव तोमोया. या गावात माणसं श्वास घ्यायला थांबतात तेवढीच गप्प असतात, आणि हा गडी मात्र दिवसाला वीस वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी.

तर त्या गल्लीची गोष्ट अशी, की ती एका बाजूनं बंद. बंद टोकाला काझुहाचं गॅरेज. आठ कार्ट, भिंतीवर टांगलेले पोशाख, आणि आई-बापाचं न ऐकता स्वतः उभा केलेला धंदा. बाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागायचं तर हीच एक गल्ली, दुसरी वाटच नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला काझुहानं नूडलच्या दुकानापाशी मूठ वर केली. सगळे थांबले.

"इंजिन बंद. खाली उतरा. इथून पुढे ढकलायचं, आणि तेही चोरपावलांनी!"

एक पांडा, दोन बदकं, एक ससा… सगळे वाकून कार्ट ढकलू लागले, आणि तोंडावर बोट ठेवून एकमेकांना दटावू लागले. नूडलच्या दुकानापासून सादाए काकूंच्या पार्लरपर्यंत, मोजून चाळीस पावलं.

दार सरकलं. "हे काय?" तोमोयानं कुजबुजत विचारलं.

"तुमचा हात वाचवतेय."

तो सुरी आत ठेवून आला आणि दुसऱ्या बाजूनं तिची कार्ट ढकलायला लागला.

"आता का काम सोडलंत?"

"आवाज का आला नाही, ते बघायला आलो."

"घ्या! म्हणजे आवाज केला तरी तुमचं काम बंद, नाही केला तरी बंद!"

पुन्हा कान लाल.

चाळीस पावलांत असं काय बोलून होतं? पण दिवसातून तीनदा चाळीस, असे महिनाभर, म्हणजे बघा. त्याला कळलं की तिला लहानपणी सायकलसुद्धा येत नव्हती. तिला कळलं की त्याच्याकडे गाडीचं सोनेरी पट्टीचं लायसन्स आहे, म्हणजे पाच वर्षांत एकही चूक नाही, कारण अकरा वर्षांत त्यानं गाडीला हातच लावलेला नाही! नोव्हेंबरात भुरभुर पाऊस आला तेव्हा त्यानं छत्री धरली ती अस्वलाच्या कानांवर, स्वतः मात्र भिजत चालला. एकदा त्यानं कोंबूच्या पदरात गुंडाळलेला भाताचा गोळा तिच्या हातात ठेवला.

"फाटक्याचा?" तिनं विचारलं.

"नाही. सगळ्यांत चांगला निघालेला." मग घुटमळून म्हणाला, "तुझ्यासाठी… वेगळा काढला होता."

'तुमच्या'चं 'तुझ्या' कधी झालं? दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही कळलं नाही असं दाखवलं. त्या दिवशी काझुहा पाहुण्यांना शहरातल्या प्रसिद्ध मनोऱ्याची उंची सांगताना दोनदा चुकली.

पण इथली रीत अशी, की मुलानं किंवा मुलीनं समोर उभं राहून, स्पष्ट शब्दांत 'माझ्यासोबत राहशील का' असं विचारल्याशिवाय काही सुरूच होत नाही. भाताचे गोळे कितीही खा. तोमोया विचारत नव्हता. पार्लरच्या दारात उभ्या राहून सादाए काकू हे सगळं बघत, आणि पर्समधली गोड गोळी काझुहाच्या हातात कोंबत म्हणत, "चघळ बाई. तो बोलेपर्यंत ही एक पुरायची नाही, दोन घे."

सादाए काकू म्हणजे गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षा. सत्तरी ओलांडली तरी अंगात बिबट्याच्या ठिपक्यांचा ब्लाउज.

एका गुरुवारी मात्र काकूंनी गोळी दिली नाही. पार्लरमध्ये बोलावलं आणि गल्लीची फळी समोर ठेवली. ही फळी घरोघर फिरते. वर सूचना अडकवलेली, वाचायची आणि पटली तर घराचा शिक्का मारून शेजारी द्यायची.

"वाच, पोरी. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

काझुहानं वाचलं. कार्टचा आवाज आणि थरथर फार होते. गल्लीतून कार्ट न्यायला मनाई करावी. खाली चोवीस घरांपैकी एकवीस शिक्के. रविवारी सभा, सभेत मंजूर झालं की झालं. गल्ली बंद म्हणजे गॅरेज बंद, आणि गॅरेज बंद म्हणजे…

तिची नजर पहिल्या शिक्क्यावर गेली. सूचनेखालचं सुबक अक्षर तिच्या ओळखीचं होतं.

ती तडक कोंबूच्या दुकानात शिरली. अस्वलाच्या पोशाखातच, शेपूट दारात अडकली ती हिसडून.

"हे तू लिहिलंस?"

तोमोया उभा राहिला. "सप्टेंबरात लिहिलं. तुझी कार्ट बंद पडली त्याच्या आधी. फळी गल्लीभर फिरायला दोन महिने लागले…"

"दोन महिने! त्यातला महिनाभर रोज तीन वेळा माझ्या शेजारून चालत होतास. एका पावलावर तरी तोंड उघडायचं!"

"रोज सांगणार होतो. पार्लर यायचं आणि…"

"मग शिक्का मागे घे."

"मारलेला शिक्का पुसता येत नाही, काझुहा. फक्त सभेत उभं राहून बोलता येतं."

"तू? सभेत?" ती हसली, पण डोळे भरून आले होते. "चाळीस पावलांत चार शब्द निघत नाहीत तुझ्या तोंडातून! तुझा हात वाचवायला मी पाहुण्यांना ढकलायला लावलं, तोमोया. आणि तू माझ्या पोटावरच पाय दिलास."

ती निघून गेली. शुक्रवारी आणि शनिवारी तिनं पाहुण्यांना खाली उतरवलं, कार्ट ढकलल्या, पण मान वर केली नाही. दार सरकल्याचा आवाज आला तेव्हाही नाही. दुखत होतं, फार दुखत होतं… आणि चाळीस पावलं कधी नव्हे इतकी लांब वाटत होती.

रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या खोलीत चटयांवर चोवीस घरं जमली. काझुहा उठली. रात्रभर घोकलेलं भाषण दुसऱ्या वाक्याला गळपटलं. "मी… आम्ही आवाज कमी करू… मला दुसरी जागा नाही," एवढंच तिला म्हणता आलं आणि ती खाली बसली.

"सूचनेच्या विरोधात आणखी कुणाला बोलायचंय?" सादाए काकूंनी विचारलं.

मागून चटई खसखसली. तोमोया उभा राहिला होता. चेहरा पांढराफटक, कान तांबडे.

"सूचना मी लिहिली," तो म्हणाला. "ती चूक आहे."

"का रे? तुझाच हात हलत होता ना?"

"हलतो. अजून हलतो. पण महिनाभर माझ्या दारात इंजिनाचा आवाजच नाही, काकू. तरी अकरा वाजत आले की हात हलतो. एकला हलतो. तीनला तर सुरीच धरवत नाही."

खोलीत कुणीतरी "ओहोहो!" केलं. काझुहानं मान खाली घातली, आणि तिच्याच कानांना आता चटके बसायला लागले.

काकूंनी गंभीर चेहरा ठेवायचा आटोकाट प्रयत्न केला. "म्हणजे गाड्या बंद केल्या तर तुझा हात सुधारेल."

"नाही काकू. पार बिघडेल."

हशा असा उठला की नूडलवाल्या आजोबांच्या कवळीची पंचाईत झाली. पण पार्लरशेजारच्या चपलेच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "तुझं प्रेम तुझ्यापाशी. आमचे शिक्के आहेत त्याचं काय? ते भोंगे आम्ही का सोसायचे?"

"तुम्ही कधी बसलात त्यात?" तोमोयानं विचारलं. सलग इतकं बोलायची त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. "मीही नाही बसलो. न बसता लिहिलं, तीच चूक. आधी बसा, एक फेरी मारा आणि मग मत द्या. मी पहिला बसतो."

सादाए काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "लायसन्स कुणाकुणाकडे आहे? ते बसतील, आणि ते ठरवतील ते गल्लीला मान्य."

सात हात वर झाले. सातही लायसन्सं सोनेरी पट्टीची, कारण सातांपैकी एकानंही कित्येक वर्षांत गाडी चालवली नव्हती. काझुहानं कपाळाला हात लावला.

तासाभरात गल्लीत वरात उभी राहिली. चपलेच्या दुकानातल्या बाई सशाच्या वेषात, नूडलवाले आजोबा पांडा, तोमोयाला उरलेलं बदक. काकूंना मिनोरीनं बिबट्याचा पोशाख दिला तर त्या म्हणाल्या, "मला कशाला? मी तो रोजच घालते."

मिनोरी गॅरेजच्या दारात थांबली आणि काझुहानं हात वर केला. चाळीस पावलं सगळ्यांनी ढकलली, नियम म्हणजे नियम. मग इंजिनं धडधडली.

पहिल्या वळणावर आजोबा कुंपणाला टेकता टेकता वाचले. दुसऱ्या वळणाला सशानं किंकाळी फोडली, आणि तिसऱ्याला तीच किंकाळी हसण्याची झाली! मोठ्या रस्त्यावर गिंकोची झाडं पिवळीधमक पेटली होती. रस्त्याच्या पातळीला चिकटून धावताना सगळं शहर उंच, मोठं आणि नवं दिसत होतं. दोन्ही बाजूंनी माणसं हात हलवत होती, फोटो काढत होती. "अगं, मला हात करतायत! मला!" सशाबाई ओरडत होत्या. सत्तर वर्षं या शहरात काढून त्यांना कुणी रस्त्यात टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

काझुहा आरशात मागे बघत होती. मागोमाग बदक. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, दात आवळलेले, पण एकदाही मागे पडला नाही.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. काझुहानं दोन बोटं वर केली. म्हणजे दोघादोघांनी शेजारी या. बदक हळूच सरकत तिच्या शेजारी येऊन थांबलं. त्यानं आपलं इंजिन बंद केलं. तिनंही केलं.

"काझुहा." पिसांच्या टोपीखाली तो घामेजला होता. "मी घाबरट आहे. उशीर करतो. पण आज सांगितल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही. मला तू आवडतेस. फार आवडतेस. माझ्यासोबत राहशील?"

"सगळ्या सभेसमोर सांगून झालं की तुझं," ती म्हणाली.

"ते त्यांना सांगितलं. हे तुला."

"उत्तर दे गं!" मागून काकू गरजल्या. "दिवा सुटायला आला!"

काझुहानं त्याच्याकडे पाहिलं. राग कुठे गेला तो शोधूनही सापडेना. आणि त्या दोन दिवसांत तिला कार्ट, गॅरेज, सगळं जाईल याचं जेवढं दुःख झालं होतं, तेवढंच हा जाईल याचं झालं होतं, हे तिचं तिलाच आता कळत होतं.

"राहीन," ती म्हणाली. मग चौकाला ऐकू जाईल अशी ओरडली, "हो! राहीन!"

"मंजूर!" सादाए काकूंनी हॉर्न दाबून धरला. "आणि गल्लीतून कार्ट जाऊ द्यायच्या ना, मंडळी?"

"मंजूर!" ससा किंचाळला. "पण मला पुढच्या रविवारी परत न्यायचं!" पांडानं दोन्ही हात वर केले, बाकीच्यांनी हॉर्नच्या फैरी झाडल्या. चौकातले अनोळखी लोकही काही न कळता टाळ्या वाजवू लागले.

दिवा हिरवा झाला. काझुहानं इंजिन सुरू केलं, ऐटीत हात वर केला आणि निघाली… आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वळण चुकली. गल्लीकडे डावीकडे वळायचं, ती गेली सरळ, पुलाच्या दिशेनं. शेजारी बदक होतं, मागे सहा कार्ट होत्या, आणि रस्ता चुकलाय हे सगळ्यांना दिसत असूनही कुणी तिला थांबवलं नाही.