पाचही रीडिंग पन्नास

वाघोलीच्या त्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गाला मुली दोनच. त्यातली तनया त्या सोमवारी आली नाही, आणि एकट्या पडलेल्या उत्कर्षाला दशरथ सरांनी खिडकीजवळच्या टेबलावर पाठवलं. तिथं एक उंच, सावळा मुलगा हीटरच्या कॉइलला वायरी जोडत होता.

"मी तेजस. येरवड्याहून येतो," तो मान वर न करता म्हणाला. "तू व्होल्टेज बघ, मी करंट बघतो. अधूनमधून माझ्याकडे बघितलंस तरी चालेल."

"बघण्यासारखं काही दिसलं, तर बघेन."

म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या तिच्या. बाहेर भुरभुर पाऊस, पत्र्यावर त्याची बारीक टपटप...

काम सोपं होतं. व्होल्ट वाढवत न्यायचे, दरवेळी अँपिअर टिपायचे. व्होल्टला अँपिअरनं भागलं की कॉइलचा रोध निघतो, गुणलं की किती वॅट खाते ते कळतं. दोनशे व्होल्टला काटा तीन पॉइंट सातवर थरथरला. उत्कर्षानं तेवढंच लिहिलं. तेजसनं मात्र मीटरकडे न बघताच सरळ चार लिहून टाकले.

"अरे, काटा कुठंय आणि तू लिहितोस काय?"

"रोध पन्नास यायला पाहिजे ना? मग आधी उत्तर लिहायचं आणि मागं मागं रीडिंग भरायची. सगळे असंच करतात. तू फारच सत्यवान दिसतेस."

"सत्यवान नाही. सावित्री म्हण फार तर."

जीभ चावली तिनं. तो मात्र पहिल्यांदा मान वर करून, अगदी मनापासून हसला. तिथंच सगळं घडलं म्हणायचं.

वही तपासताना दशरथ सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "पाच रीडिंग आणि पाचही वेळा पन्नास ओहम? अरे वा. माझी स्कूटरसुद्धा रोजच्या रोज सारखं अ‍ॅव्हरेज देत नाही. तेजसराव, खऱ्या वस्तूचं रीडिंग थोडं तरी हलतं. जा, परत घ्या."

पुढच्या सोमवारी त्यानं कागदात बांधलेला राजगिऱ्याचा लाडू तिच्यापुढं सरकवला. तिचे सोमवार असतात हे त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. मग दर सोमवारी लाडू येत गेला. महादेवाला हात जोडताना ती एक नाव मनातल्या मनात जास्तीचं घेऊ लागली, आणि स्वतःलाच रागावू लागली.

दिवाळीनंतर घरात कुजबुज सुरू झाली. वारज्याचं स्थळ होतं, विश्वजीत नावाचा मुलगा. रविवारी बघायला येणार. वडील, रंगराव, तसे मऊ माणूस. म्हणाले, "पोरी, मनात कुणी असलं तर आत्ताच सांग. रविवारी त्यांना हो म्हणालो, की मग मी शब्द फिरवणार नाही."

तिनं तेजसला सांगितलं. "तुझ्या घरून कुणीतरी माझ्या अण्णांशी बोलायला हवं. रविवारच्या आत."

"बोलतो ना आईशी!" तो म्हणाला. "आजच."

शनिवारी वर्ग सुटल्यावर तो बसथांब्यावर आला तोच हसत. "सांगितलं! आई म्हणाली, चांगलं केलंस. पोरगी गुणाची असणार. कधी आणतोस?"

उत्कर्षाचा जीव भांड्यात पडला... पण क्षणभरच.

"आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"गाव विचारलं?"

"नाही."

"आडनाव? घरची माणसं? किती शिकली?"

"नाही गं. सगळं चालेल म्हणाली."

"रडल्या? रागावल्या? थोडं तरी?"

"अजिबात नाही."

ती त्याच्याकडे बघत राहिली. कुठलीही आई इतकी सरळ रेषेत उत्तर देत नाही.

"तेजस," ती हळूच म्हणाली, "हेही मागं मागं भरलंस ना?"

त्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस कुठंतरी निघून गेला.

"विचारलंच नाही मी," तो म्हणाला. "माझ्या बहिणीनं, शेफालीताईनं, स्वतःच्या मनानं लग्न केलं ना, त्या दिवसापासून आईनं देवापुढं दिवा लावलेला नाही. दोन वर्षं झाली. मी रोज तिच्यासमोर जाऊन बसतो, तोंड उघडतो, आणि... भाजीत मीठ कमी आहे म्हणतो."

"आज विचारशील?"

तो बस येते का ते बघू लागला.

"नाही म्हणाल्या तरी चालेल मला. मी अण्णांना थांबवीन. वर्षभर थांबवीन. पण विचार तरी."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे, उत्कर्षा."

"ते मला ठाऊक आहे रे," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण आवाज तिनं खाली ठेवला. "मी दुसरंच विचारतेय."

"नाही जमणार मला."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली. मोबाइल वाजला. वडील विचारत होते, "उद्या येऊ देऊ ना गं त्यांना?"

तिनं बाहेर पाहिलं. बस हलली, आणि तेजस एकाएकी पळत सुटला. खिडकीच्या खाली, अगदी जवळ. पत्र्यावर एक थाप मारली की पुण्यातली कुठलीही बस थांबते. त्यानं हात उचललाही... नगर रस्त्यावर सगळीकडून हॉर्न वाजत होते, आणि तिला ऐकायची होती फक्त ती एक थाप.

कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून म्हणाला, "ताई, तो पोरगा तुमच्या बरोबरचा का? थांबवू?"

उचललेला हात खाली गेला होता. तो चालू लागला होता, मग उभाच राहिला.

"नाही हो," ती म्हणाली. "त्याला यायचं नाही."

कंडक्टरनं डबल बेल दिली. तिनं पदरासारखी ओढणी तोंडाशी धरली आणि फोनमध्ये म्हणाली, "येऊ द्या, अण्णा."