तिसरा पिंड

पुस्तक परत द्यायला गेलो होतो, बस. दुपारचे बारा, जगतपुऱ्यातला सहावा मजला, लिफ्ट बंद. जिना चढताना मागं कुणीतरी धापा टाकत होतं. वाटलं, माझाच दम असेल.

मी भटजी. चौथी पास. मंत्र बापाच्या तोंडून पाठ केले, अर्थ कधी विचारला नाही. जयपुरात चाळीस वर्षं मराठी घरांची श्राद्धं केली. श्राद्धात बाप, आजोबा, पणजोबा, तिघांना नावानं हाक मारून पिंड ठेवायचा. पण बदलीवाल्यांच्या पोरांना पणजोबा कुठला ठाऊक! मग मी आपला 'गोपीनाथ' म्हणून मोकळा व्हायचो. असला कुणी गोपीनाथ नव्हताच. कुणी अडवलंही नाही.

गेल्या महिन्यात उमाकांतरावांचं वर्षश्राद्ध केलं. बँकेतला माणूस, पण श्राद्धविधींवर हा जाडजूड ग्रंथ लिहिलेला. मुलगा अनिमेष पणजोबांपाशी अडला. तिसऱ्या पिंडाला मी 'गोपीनाथ' म्हटलं. निघताना तो ग्रंथ मागून आणला. म्हटलं, बघू, हे शहाणे काय चुकलेत.

पहिल्याच पानावर होतं, 'माझे आजोबा त्र्यंबक यांस.' म्हणजे अनिमेषचे पणजोबा! नाव त्याच खोलीत, कपाटात होतं. पुढं एके ठिकाणी लिहिलेलं, 'नाव ठाऊक नसेल तर तसं सांगावं. बनवू नये. हाक मारली की कुणीतरी येतंच, अशी समजूत आहे.'

लाजेनं कान तापले. कडेला पेन्सिलनं लिहिलं, 'मी गोपीनाथ म्हटलं. चुकलो.' मग खोडून टाकलं. या वयात अब्रू घालवू की काय?

आज तोच ग्रंथ परत देताना उमाकांतरावांच्या पत्नी, मधुमतीवहिनींनी, ते पान उजेडाकडे तिरकं धरलं. "गुरुजी, इथं काही खोडलंय... हा गोपीनाथ कोण?"

सांगायचं होतं.

"कुणी नाही," म्हणालो.

इतक्यात अनिमेष बाल्कनीतून आत आला. "गुरुजी, तुमच्यासोबतचे आजोबा बाहेरच बसलेत. मतलब... आत बोलावू?"

"मी एकटाच आलोय रे."

"असं कसं? तुमच्या मागोमाग तर आले. भूक लागलीय म्हणतात. घरोघरी बोलावतात, पण आपलं कुणी म्हणत नाही, म्हणे..."

बाल्कनीतून काळ्या तिळांचा, ओल्या भाताचा वास येत होता. वहिनी पान वाढायला उठल्या.

"नाव काय म्हणाले रे?" त्यांनी जाता जाता विचारलं.

अनिमेष माझ्याकडे वळला.

"म्हणाले... गुरुजींनाच विचारा."