हळद लागलेला स्पंज

खंडेनवमीला मालवणच्या सागरी औषध केंद्रात सूक्ष्मदर्शकांना गंधफूल वाहिलं गेलं. रेणुवाचकावर झेंडूची माळ चढली. हे यंत्र पाण्यात सोडलेल्या सुईने त्यात विरघळलेले रेणू ओळखायचं आणि पडद्यावर त्यांच्या रेघा काढायचं. ज्या रेघेसाठी ते आणलं होतं ती सिंधुलीनची रेघ मात्र पावसाळ्यापासून आडवीच पडली होती.

सिंधुलीन हे पिवळ्या समुद्री स्पंजातून मिळणारं, रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. समुद्रातले स्पंज काढायला आता बंदी होती. प्रवाळांबरोबर तेही संपत आले होते. टाकीत वाढवलेले स्पंज गुटगुटीत झाले, पण औषध बनवायचं विसरले. केंद्रातली संशोधक केतकी खोबरेकर हिला हे कोडं सुटत नव्हतं, आणि तिच्या शेवंतीआत्याला औषध जेमतेम दिवाळीपर्यंत पुरणार होतं.

आत्या पूजेला आली होती. केतकी नारळ फोडत असताना तिने टाकीत हात घालून थेट स्पंजालाच हळदकुंकू लावलं.

"आत्या, अगं, उघडा हात घालायचा नसतो त्यात."

"यंत्रांका कुंकू, मगे राबता त्येका कित्याक नाय?"

"राबतोय कुठे?" केंद्राचे प्रमुख सारंग कुबल म्हणाले. "बसून खातोय नुसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टाकीची रेघ सरळ वर चढलेली होती.

केतकीने शेजारच्या टाकीत हळद टाकली. काही नाही. कुंकू, झेंडू, नारळाचं पाणी, सगळं करून झालं. स्वतःचा हात बुडवून पाहिला. रेघ ढिम्म.

"आता आरती म्हणून बघ," कुबलसर म्हणाले. मग तेही खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

तिने जपून ठेवलेल्या सिंधुलीनचा थेंबही टाकीत सोडला. तरी नाही. राहता राहिली आत्या. तिला बोलावणं म्हणजे आशा लावणं, म्हणून केतकी दोन दिवस टाळत राहिली. शेवटी आत्या आली, बांगड्या मागे सारून तिने हात पाण्यात धरला, आणि थोड्या वेळाने रेघ हलली.

रेणुवाचकाने कारणही दाखवलं. आत्याच्या घामात सिंधुलीनचे तुकडे होते, रोगाशी झुंजून मोडलेले. समुद्रात एखाद्या स्पंजावर जंतू तुटून पडले की त्याच्याकडून असेच तुकडे पाण्यात वाहत येतात, आणि शेजारचे स्पंज औषध बनवायला लागतात.

"म्हणजे त्याला तू जखमी स्पंज वाटलीस," केतकी म्हणाली.

"वाटूंदे. शेजारधर्म कळता त्येका." आत्या हसली. "माणसांका खंय कळता?"

तेवढ्यात सिंधुलीनच्या शेजारी दुसरी रेघ उगवली. बारीक, पण ठाम. यंत्राला तिचं नाव माहीत नव्हतं. केतकीने सुई पुसून पुन्हा लावली. रेघ तिथेच. आत्याने हात बाहेर काढला की ती खाली जायची, बुडवला की वर यायची.

"ही काय म्हणायची?" कुबलसरांनी विचारलं.

केतकीला दोन उत्तरं सुचत होती. सिंधुलीन कमी पडतंय हे ओळखून स्पंज त्याहून जालीम काहीतरी बनवत असेल. किंवा शेजारी आता वाचत नाही म्हटल्यावर त्याची लागण आपल्याला होऊ नये, म्हणून स्वतःपुरती भिंत उभारत असेल. रेणू एकच, अर्थ दोन. आणि आत्याचा इस्पितळातला मागच्याच आठवड्यातला अहवाल तर चांगला होता. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत अशा एका जिवाला डॉक्टरांपेक्षा जास्त काय कळलं होतं?

आत्या पडद्याकडे बघत नव्हती. पाण्याखाली तिची बोटं पिवळ्या स्पंजावर अलगद टेकली होती.

"काय गो," तिने विचारलं, "ह्यो माका बरा करता हा, की निरोप देता हा?"