लाल धाग्याची गाठ

"हे कार्ड आपलं नाई," अंकुर म्हणाला. पडद्यावरची गाडी वळणावर अडकून पडली होती. "आपण चार जीबीचं निवडलं होतं. हे दोनच दाखवून राहिलं."

"कॉम्प्युटरले मोजता येत नसन," डिंपल म्हणाली. "तुह्यासारखं."

कीर्ती हसली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिघांनी पवनीतल्या तिच्या घरी, आजोबांच्या हातमागाशेजारी, हा गेमचा कॉम्प्युटर जोडला होता. प्रोसेसर साधा, डबा जुना, पंखा एकच. सगळी काटकसर त्या एका ग्राफिक्स कार्डासाठी. वर्षभर शाळा सुटल्यावर आजोबांच्या मागासाठी धाग्याच्या कांड्या भरून पैसे जमवले, तेव्हा ते आलं. वापरलेलंच, पण नागपूरच्या दुकानात स्वतः चालवून पाहिलेलं. मग फक्त एक दुपार ते धर्मेंद्रमामाच्या दुरुस्तीच्या दुकानात होतं, साफ करायला.

"मामा असं नाई करणार," कीर्ती म्हणाली. "पेचकस कसा धरायचा, ते त्यानंच शिकवलं मले."

तिनं पेचकसानं स्क्रू काढून डबा उघडला. विणलेली साडी विकायला घराबाहेर जाताना आजोबा तिच्या घडीला लाल रेशमी धागा बांधत आणि गुणगुणत, 'धागा जाये बाजारी, गाठ वळखे घर.' मामाकडे देताना कीर्तीनं कार्डालाही तसाच बांधला होता. धागा जागेवर होता. तिनं गाठीवरून अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. विणकराची गाठ चपटी बसते, बोटाखालून निसटून जाते. ही तांदळाच्या दाण्यासारखी टोचत होती.

कार्ड घेऊन तिघं निघाली. कोपऱ्यावर अंकुर बाजारात गेलेल्या आजोबांना आणायला वळला. दोघी मामाच्या दुकानात शिरल्या.

"मामा," कीर्तीनं दुसरा धागा पुढे केला, "हा बी बांधून दे ना कार्डाले."

"आन, बाई." मामानं हसत गाठ मारली. कीर्तीनं ती जुन्या गाठीशेजारी सरकवली.

"जुळ्या बहिणी," डिंपल हळूच म्हणाली. मग तिनं काउंटरवर चालू असलेल्या, काच लावलेल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. आत तसंच कार्ड होतं. त्याच्या स्क्रूखाली लाल रेशमाचं नखाएवढं टोक अडकलेलं होतं.

मामाचं हसू विझलं. "अरे, गिऱ्हाईक घाईत होतं, त्याले चार जीबीचंच पायजे होतं... तुम्ही लेकरं, तुमाले काय फरक पडते? गेम तर चालतेच ना?"

कार्डापेक्षा हे वाक्य कीर्तीला जास्त लागलं.

"फरक पडते, मामा. म्हणून तर निवडलं होतं. तूच म्हणला होता, घाई नोका करू, नीट निवडा."

अंकुरबरोबर मारोतराव आजोबा आले. त्यांनी डोळे मिटून दोन्ही गाठी चाचपल्या.

"धर्मेंद्र, हे आमच्या घरची गाठ नोहे." मग मुलांकडे वळून म्हणाले, "माह्ये डोळे थकले, पण तुमची बोटं पक्की तयार झाली, लेकरहो. माह्या मागावर बसाले लायक."

मामानं मान खाली घालून त्यांचं कार्ड काढून दिलं.

संध्याकाळी तो घरी आला. दारातच थांबला. हातात लाल धागा होता.

"कीर्ते, ते गाठ मले शिकवशीन?"

तिनं धागा घेतला, चपटी गाठ मारली आणि त्याच्याकडे पाठ करून डबा बंद करायला बसली. पेचकस मात्र तिनं तसाच धरला, त्यानं शिकवला होता तसा.